वीस वर्षांची इस्टेट गाडी: दुरुस्त करावी की निरोप द्यावा?

कोथरूडला राहणाऱ्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात आणि पावसाळा संपल्यापासून मे महिन्यापर्यंत मुळशी, भोर, वेल्हे या भागांतील शाळांमध्ये आकाशदर्शनाचे कार्यक्रम करतात. आठ इंची दोन दुर्बिणी, त्यांचे लाकडी पाये आणि इतर साहित्य त्या घरच्या इंडिगो मरीनामधून, म्हणजे मागे सामानासाठी लांब जागा असलेल्या इस्टेट गाडीतून, नेतात. ही डिझेल गाडी नोव्हेंबर २००६ मध्ये त्यांच्या सासऱ्यांनी नवी घेतली होती. सासरे पिंपरीच्या मोटार कारखान्यातून निवृत्त झाले असून आज त्यांचे वय ८१ आहे. गाडी २,४०,००० किलोमीटर चालली आहे आणि सध्या वर्षाला सुमारे ६,००० किलोमीटर चालते. घाट चढताना इंजिन तापते, क्लच घसरतो, सामान भरल्यावर मागचा भाग खाली बसतो आणि दारांच्या खालच्या कडांना गंज धरला आहे.

गॅरेजने इंजिन उघडून दुरुस्त करण्यासाठी ७०,०००, क्लच, ब्रेक आणि सस्पेन्शनसाठी ४५,००० आणि संपूर्ण डेंटिंग-पेंटिंगसाठी ८५,००० असा एकूण दोन लाखांचा खर्च सांगितला आहे. जुन्या गाड्यांचा व्यापारी तीच गाडी ३५,००० रुपयांना मागतो. यजमानांच्या मते पस्तीस हजारांच्या गाडीवर दोन लाख घालणे शहाणपणाचे नाही, शिवाय दिल्लीप्रमाणे पुण्यातही जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी येणारच, तेव्हा पाच लाखांपर्यंत वापरलेली मोठी गाडी घ्यावी. मुलाला वाटते, अशी गाडी आता दुर्मीळ आहे. ती नव्यासारखी करून ठेवली तर पुढे तिला किंमत येईल. कार्यक्रमांना कधी दोन-तीन विद्यार्थीही मागच्या सीटवर बसून येतात. नोंदणीची मुदत येत्या नोव्हेंबरात संपते. भगिनी लिहितात, "गाडी काढली तर सासऱ्यांना फार लागेल आणि ठेवली तर मी भावनेच्या भरात पैसे घालवले असे होईल. मी काय करावे?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात एक निर्णय मागितला आहे, पण वाचताना जाणवते की त्यात दोन निरनिराळी कामे एकत्र बांधली गेली आहेत. गाडी रात्री-अपरात्री ताम्हिणीच्या बाजूने सुखरूप परत यावी एवढी भरवशाची करणे हे एक काम, आणि ती २००६ साली शोरूममधून बाहेर पडली तशी दिसावी हे दुसरे. गॅरेजने दोन्हींचा मिळून एकच आकडा सांगितला आणि घरातली सारी चर्चा त्या आकड्याभोवती फिरू लागली. दोन लाखांपैकी ८५,००० रुपये केवळ रंगरूपाचे आहेत. ते बाजूला काढले की प्रश्न बराच लहान होतो, आणि ते बाजूलाच काढावेत असे माझे स्पष्ट मत आहे. मुलाचा उत्साह समजण्यासारखा आहे, परंतु केंद्र सरकारच्या नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणून नोंद व्हायला गाडी किमान ५० वर्षांची असावी लागते. तुमच्या गाडीसाठी ते वर्ष २०५६ आहे. तोपर्यंत ती जपण्याची हौस कुणाला असेल तर ती हौस म्हणून करावी, गुंतवणूक म्हणून नव्हे.

यजमानांचा मुद्दा अधिक वजनदार वाटतो, कारण तो हिशेबाच्या भाषेत मांडलेला आहे. पण व्यापारी देऊ करतो ती रक्कम गाडी विकणाऱ्यासाठी महत्त्वाची असते. चालवणाऱ्याला विचारायचे ते हे की पुढची पाच वर्षे हेच काम करून घ्यायला कोणत्या मार्गाने किती खर्च येईल. पाच लाखांची वापरलेली गाडी घेतली आणि पाच वर्षांनी ती दोन लाखांना गेली असे धरले, तर तीन लाख झिजले, म्हणजे वर्षाला साठ हजार. तुमच्या गाडीवर संपूर्ण दोन लाख घातले आणि पाच वर्षांनी तिचे काहीच आले नाही असे मानले, तर वर्षाला चाळीस हजार होतात. त्यात एवढ्या जुन्या गाडीची पुढची किरकोळ कामे वर्षाला वीस हजार धरली की बेरीज पुन्हा साठ हजारांवर येते. रंगकाम वगळले तर तुमची गाडी थोडी स्वस्त पडते. हे आकडे अंदाजाचे आहेत आणि तुम्ही ते आपल्या माहितीप्रमाणे बदलून पाहावेत, पण उत्तर फारसे हलणार नाही. ज्या पैशांवरून घरात वाद चालला आहे, त्या पैशांच्या बाजूने दोन्ही पारडी जवळपास सारखी आहेत.

एक गोष्ट मात्र हिशेबात धरायला हवी. इतक्या जुन्या गाडीची विमा-किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते आणि ती सहसा बाजारभावाच्या आसपासच राहते. दुरुस्तीचा खर्च त्या किंमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते. दुरुस्तीत घातलेला दीड-दोन लाखांचा पैसा अपघातानंतर विम्यातून परत येईल अशी अपेक्षा म्हणूनच ठेवू नये.

आता २,४०,००० किलोमीटरबद्दल. या आकड्याने तुम्ही धास्तावला आहात, पण गाडीच्या प्रकृतीबद्दल तो एकटा फार थोडे सांगतो. ही गाडी इंडिकाच्या कुळातली आहे आणि त्या कुळातल्या डिझेल इंजिनांनी टॅक्सी म्हणून पुण्याच्या रस्त्यांवर याहून कितीतरी अधिक मजल मारलेली आहे. इंजिनाचे झिजलेले भाग बदलता येतात. तुमच्या बाबतीत मला किलोमीटरपेक्षा वर्षांची अधिक काळजी वाटते, कारण रबरी होज, बुश, वायरिंगची आवरणे आणि पत्रा ही गाडी उभी असतानाही म्हातारी होत असतात. तुमचे कार्यक्रम पावसाळ्यात बंद असतात. तेव्हा गाडीही चार महिने बहुतेक उभीच राहत असणार, आणि त्याच काळात ओल पत्र्यात मुरते, बॅटरी उतरते आणि उंदीर वायरी कुरतडतात.

म्हणून कोणत्याही कामाला होकार देण्याआधी गाडी रॅम्पवर चढवून खालून नीट पाहून घ्या. हे काम दोन लाखांचा खर्च सांगणाऱ्या गॅरेजकडून न करता दुसऱ्या, त्या दुरुस्तीशी ज्याचा काही संबंध नाही अशा अनुभवी मेकॅनिककडून, त्याची तपासणीची फी देऊन करून घ्या, आणि त्या वेळी स्वतः तिथे उभ्या राहा. दारांच्या कडांचा गंज डोळ्यांना दिसतो म्हणून आपण त्याच्यामागे लागतो, पण दार बदलता येते. खरे पाहायचे ते दाराखालून पुढून मागे जाणारी पेटीसारखी पट्टी, जिला डेंटर रनिंग बोर्ड म्हणतात, सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलेले असते त्या जागा, जॅक लावण्याच्या जागा आणि आतला गालिचा उचलल्यावर दिसणारा पायांखालचा पत्रा. पेचकसाच्या मुठीने या जागी ठोकून पाहावे. आवाज बद्द आला, खपल्या निघाल्या किंवा पत्रा दबला तर तो आतून खाल्लेला आहे. वरून रंगवलेल्या भागावर चुंबक फिरवावे. जिथे ते धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली असते. इस्टेट गाडीत मागच्या मोठ्या दाराची खालची शिवण आणि सामानाच्या जागेच्या गालिच्याखालचा पत्रा हेही पाहावेत, कारण रबर सुकले की पावसाचे पाणी तिथे साचून राहते. दारांच्या तळाशी पाणी निचरायला भोके असतात. ती पाल्याने बुजली असतील तर काडीने मोकळी करावीत. या कामाला काहीच खर्च नाही आणि ज्यांची गाडी झाडाखाली उभी असते त्या प्रत्येकाने दर पावसाळ्याआधी ते करावे.

सस्पेन्शनच्या जोडाजवळचा किंवा रनिंग बोर्डचा पत्रा खाल्लेला निघाला, तर तिथे थांबा. बाहेरून पत्र्याचे तुकडे मारून आणि वर काळा लेप फासून अशी गाडी चांगली दिसू शकते, पण धडकेच्या वेळी तो सांगाडा आपले काम करत नाही. अशा गाडीवर इंजिनाचे सत्तर हजार घालणे मला मुळीच मान्य होणार नाही. उलट सांगाडा घट्ट निघाला, तर बाकीची यादी कितीही लांब असली तरी ती टप्प्याटप्प्याने हाताळता येते.

इंजिनाच्या बाबतीत गॅरेजने थेट ते उघडण्याचा सल्ला दिला आहे. कदाचित तो बरोबरही असेल, पण घाटात गाडी तापण्याची कारणे स्वस्तापासून महागापर्यंत अनेक असतात. चोंदलेला रेडिएटर, न उघडणारा थर्मोस्टॅट, वेळेवर सुरू न होणारा पंखा, थकलेला वॉटर पंप, आणि शेवटी हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचे सील. ती याच क्रमाने तपासली जावीत. कूलिंगची प्रेशर टेस्ट आणि चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून ते आकडे कागदावर लिहून घ्या. इंजिन चालू असताना तेल भरण्याचे झाकण उघडले आणि आतून धुराचे जोरदार फुत्कार येऊ लागले, ज्याला मेकॅनिक बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत असे समजावे. एक्झॉस्टमधून सतत निळसर धूर येत असेल तर इंजिन तेल जाळते आहे. चढावर येणारा काळा धूर बहुधा इंजेक्टर, पंप किंवा एअर फिल्टरकडे बोट दाखवतो. या इंजिनात टायमिंग बेल्ट असतो आणि तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिनाची मोठी नासाडी होते. तो शेवटचा कधी बदलला याची नोंद नसेल तर बदललेला नाही असेच धरून चालावे.

सुट्या भागांची चिंता तुम्ही पत्रात व्यक्त केली नाही, पण करायला हवी होती. इंडिका आणि इंडिगो २०१८ पर्यंत विकल्या जात होत्या, त्यामुळे क्लच, ब्रेक, बुश, वॉटर पंप यांसारखे भाग नाना पेठेतल्या दुकानांत आजही मिळावेत. अडचण मरीनाच्या मागच्या भागाची आहे. लांब छप्पर, मागचे दार, त्याची काच, बाजूच्या काचा आणि मागचे दिवे हे फक्त याच गाडीचे. सामानासाठी लांब पाठ असलेली गाडी आपल्याकडे कधी रुजली नाही. १९९२ सालची टाटा इस्टेट किंवा २००४ साली आलेली ही मरीना रस्त्यावर क्वचितच दिसते. सिग्नलला मागून कुणी जोरात धडकले तर दुरुस्तीपेक्षा भाग शोधण्यातच महिने जातील. ज्या वाचकांकडे बलेनो अल्टुरा किंवा ऑक्टाव्हिया कॉम्बी यांसारखी दुसरी जुनी इस्टेट गाडी आहे, त्यांना तर इंजिनापासूनच ही शोधाशोध करावी लागेल, म्हणून त्यांनी काम सुरू करण्याआधी लागणाऱ्या भागांची यादी करून ते हातात येईपर्यंत गाडी उघडू देऊ नये.

बंदीची भीती थोडक्यात निवारता येईल. दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवरचे निर्बंध हरित लवादाच्या २०१५ च्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशांतून दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रासाठी आले. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते, आणि तुम्ही २०२१ मध्ये ती एकदा वाढवलीही आहे. मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी नूतनीकरणाचे शुल्क ५,००० वरून १०,००० रुपये झाले आहे. तुमची गाडी नेमकी त्या उंबरठ्यावर असल्याने मोठीच रक्कम गृहीत धरा. त्याशिवाय पर्यावरण कर, पीयूसी आणि एप्रिल २०१९ पूर्वीच्या सर्व गाड्यांना लागणारी एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेट आहेच. मोटार वाहन निरीक्षक गाडी प्रत्यक्ष पाहतो, म्हणून ब्रेक आणि दिव्यांची कामे त्याआधी व्हायला हवीत. पाच वर्षांच्या पुढचा विचार करून मात्र आज पैसे घालू नयेत, कारण नियम पुढे काय वळण घेतील यावर आपला ताबा नाही. आणि हेही खरे की २००६ सालची डिझेल गाडी भारत स्टेज या प्रदूषण-मानकाच्या तिसऱ्या टप्प्याची आहे, तर २०२० पासूनच्या गाड्या सहाव्या टप्प्याच्या. कितीही दुरुस्त केली तरी ती शहराच्या हवेत अधिक काजळी सोडणार. वर्षाला सहा हजार किलोमीटर, तेही बरेचसे शहराबाहेर, एवढा तिचा वापर असल्यामुळेच मी ती ठेवण्याचा विचार करायला तयार आहे. रोज हिंजवडीला जाऊन येणाऱ्या वाचकाला मी असे सांगितले नसते.

पत्राच्या शेवटाकडे तुम्ही ओझरते लिहिलेले एक वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: विद्यार्थी मागच्या सीटवर बसून येतात. मोटारींत एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा, आणि चालकासमोरची एअरबॅग आपल्याकडे २०१९ मध्ये सक्तीची झाली. तुमच्या गाडीत ही साधने बहुधा नाहीत, आणि ती नंतर बसवून घेण्याची गोष्ट नव्हे. मागे सामानाच्या जागेत जड दुर्बिणी न बांधता ठेवलेल्या असतील तर अचानक ब्रेक लागताच त्या पुढे येतात. दुसऱ्यांची मुले रात्री अकरा वाजता घाटातून घरी पोहोचवण्यासाठी मी ही गाडी वापरू देणार नाही, सांगाडा उत्तम असला तरीही. दुर्बिणी आणि मुले यांचा प्रवास वेगळा करा. मुलांसाठी त्या-त्या दिवशी एअरबॅग असलेली भाड्याची गाडी घ्या आणि तो खर्च कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकात उघडपणे मांडा. साहित्यासाठी पक्के पट्टे लावून घ्या.

आणखी एक गोष्ट मोजून पाहा. इस्टेट गाडीशिवाय दुर्बिणी नेता येणार नाहीत असे तुम्ही गृहीत धरले आहे. आठ इंची डॉब्सोनियनची, म्हणजे तुमच्यासारख्या लाकडी पायावरच्या दुर्बिणीची, नळी साधारण चार फुटांची असते आणि ती अनेक साध्या हॅचबॅक गाड्यांत मागच्या सीटवर आडवी बसते. दोन नळ्या आणि दोन पाये एकत्र बसतील की नाही हे टेप घेऊन एखाद्या सहकाऱ्याच्या गाडीत प्रत्यक्ष ठेवून पाहिल्यावरच कळेल. बसले, तर तुमच्यापुढचे पर्याय एकदम वाढतात आणि पाच लाखांच्या मोठ्या गाडीचीही गरज उरत नाही.

राहता राहिले सासरे. तुमच्या पत्रात यजमानांचे म्हणणे आहे, मुलाचे आहे, गॅरेजवाल्याचे आणि व्यापाऱ्याचेही आहे, पण ज्यांना लागेल म्हणून तुम्ही अडून बसला आहात त्यांचे एकही वाक्य नाही. ज्यांनी उभे आयुष्य मोटार कारखान्यात काढले, त्यांना गाडी झिजते आणि एक दिवस संपते हे घरातल्या इतर कुणाहीपेक्षा अधिक ठाऊक असणार. कदाचित त्यांना वाईट वाटेल. कदाचित सूनबाई रात्रीची अशी गाडी चालवते याचीच त्यांना अधिक काळजी असेल. तपासणीच्या दिवशी प्रकृती साथ देत असेल तर त्यांना सोबत न्या, रॅम्पशेजारी खुर्ची टाकून द्या आणि मेकॅनिक काय दाखवतो ते त्यांनाही पाहू द्या. त्यांच्या मताला भावनेचा भाग समजू नका. या विषयात ते तुमच्या घरातले जाणकार आहेत.

माझा सल्ला असा. सांगाडा घट्ट असेल तर गाडी ठेवा, पण केवळ दुर्बिणींची वाहक म्हणून आणि पुढच्या एकाच नोंदणीपुरती. पहिल्या टप्प्यात ब्रेक, त्यांचे होज आणि तेल, टायर, दिवे, टायमिंग बेल्ट, कूलिंग, क्लच आणि मागचे शॉकॲब्सॉर्बर एवढेच करा. टायरच्या कडेवर चार आकडी खूण असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा, आणि सहा वर्षांपुढचे टायर नक्षी शिल्लक असली तरी बदलावेत. एकूण खर्चाची मर्यादा आजच घरात बसून ठरवा. माझ्या मते ती सव्वा लाखाच्या पुढे जाऊ नये आणि त्यात इंजिनाचे काम, लागलेच तर, धरलेले असावे. ही यांत्रिक कामे पावसाळ्यात उरकता येतात, कारण तेव्हा तुम्हाला गाडी लागत नाही. खालचा गंजरोधक लेप मात्र ऑक्टोबरची उघडीप पडल्यावर, पत्रा घासून पूर्ण कोरडा झाल्यावरच मारा. ओल्या गंजावर मारलेला लेप ओल आतच कोंडून ठेवतो आणि पत्रा अधिक वेगाने खातो. दारांच्या कडांचा गंज खरवडून तिथे प्राइमर आणि रंगाचा हात पुरेसा आहे.

सांगाडा खाल्लेला निघाला किंवा खर्च ठरलेली मर्यादा ओलांडू लागला, तर गाडी काढा आणि तीही नीट काढा. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात दिली तर गाडी मोडीत जमा केल्याचे प्रमाणपत्र मिळते, ते नव्या गाडीच्या करसवलतीसाठी उपयोगी पडते आणि आरसी, म्हणजे गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र, रद्द झाल्याची खात्री राहते. व्यापाऱ्यालाच द्यायची असेल, तर मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून कोरे कागद त्याच्या हाती देऊ नका. खरेदीदाराचे नाव-पत्ता भरलेला असू द्या, १४ दिवसांच्या आत प्रादेशिक परिवहन कार्यालयाला हस्तांतर कळवा, आणि आरसीवर नाव बदलल्याचे परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. तोवर त्या गाडीच्या हातून रस्त्यावर काही घडले तर जबाबदारी कागदोपत्री तुमच्या सासऱ्यांचीच राहते.